मातीचें पांघरूण

छत्रपति संभाजीनगरांत पाण्याचा इतिहास पाहावयाचा असल्यास वाटाड्याची फारशी गरज पडत नाहीं. मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी येथें शहर वसविलें आणि डोंगराच्या पायथ्याचें पाणी भुयारी नळांनीं शहरांत खेळविलें. त्या नहरीचे अवशेष आजही दिसतात. पाणचक्कीच्या हौदाशीं उभा राहणारा प्रवासी जुन्या कारागिरांच्या बुद्धीची वाखाणणी करून परततो. दक्षिणेस पैठणला गेलें म्हणजे १९७६ सालीं पुरा झालेला जायकवाडीचा बांध आणि त्यामागें पसरलेला नाथसागर दृष्टीस पडतो. दगडाचुन्याचा इतिहास डोळ्यांस दिसतो म्हणून तो लिहिलाही जातो. ज्यानें नहर खोदली त्याचें नांव राहतें, ज्यानें धरण बांधलें त्याच्या नांवाची शिळा बसते.

परंतु या जिल्ह्यांतील बहुतेक जमिनीस नहरीचें पाणी कधीं लागलें नाहीं आणि धरणाचेंही लागत नाहीं. ती पावसावर पिकते. आकाशांतून जें पाणी शेतांत पडलें, तें पीक हातीं येईपर्यंत शेतांतच कसें राखावें, हा तिचा एकमेव प्रश्न आहे. हा प्रश्न मलिक अंबराहून जुना आहे. पैठणास सातवाहनांची राजधानी होती त्या काळींही तो या काळ्या रानांत उभा असलाच पाहिजे. तथापि त्याच्या उत्तराचे भग्नावशेष उरत नाहींत. शेतांत राखलेली ओल धान्यांत उतरते, धान्य पोटांत जातें, आणि मागें कांहींच राहत नाहीं. या न दिसणाऱ्या पाण्याचा मागोवा घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभीं थोडा हिशेब करूं. या शहराच्या आसपास वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर, म्हणजे २८ इंचांच्या घरांत पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टर जमिनीवर पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी होतें. या मापानें बऱ्या वर्षीं एका हेक्टरावर ७० लक्ष लिटर पाणी उतरतें. ज्या रानास आपण कोरडवाहू म्हणतों, त्याच्या वांट्यास येणारें हें पाणी कांहीं थोडें नव्हे. पण त्याचे वांटेकरी पुष्कळ. कांहीं ओढ्यास वाहून जातें, कांहीं खोल मुरून विहिरीस मिळतें, कांहीं पिकाच्या मुळांतून वर चढून पानांवाटे जातें. हा शेवटला भाग जातांना धान्य देऊन जातो, म्हणून त्याबद्दल कोणी खेद करीत नाहीं. उरलेला भाग मात्र नुसता उन्हानें आणि वाऱ्यानें उडून जातो; तो विहिरीच्याही कामीं येत नाहीं आणि पिकाच्याही नाहीं.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा स्वभाव या उधळपट्टीस साहाय्य करणारा आहे. तिची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळतां वाळतां आक्रसते. फुगलेली असतांना ती पाणी धरते. आणि याच गुणाच्या बळावर पाऊस संपल्यानंतर पेरलेली शाळू माघ-फाल्गुनापर्यंत तग धरते. पण आक्रसली म्हणजे ती भेगाळते. भेग पडली कीं वारा जमिनीच्या पोटांत शिरतो, दोन्ही बाजूंच्या भिंतींतून ओल उडूं लागते, आणि भेगेच्या वाटेंत आलेलीं मुळें तुटतात. जी जमीन पाणी सांठविते, तीच तें उधळण्याचा मार्गही खुला करते.

यावरील उपाय सांगावयास सोपा आहे : जमीन झांकावी. वाळलेलें गवत, पाला, भुसकट, उसाचें पाचट, जें मिळेल तें पिकाच्या ओळींमधून पसरावें. ऊन मातीपर्यंत पोंचत नाहीं, मातीलगतचा वारा थांबतो, आणि ओल उडण्याचा वेग मंदावतो. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळला म्हणजे मातीचे कण फुटून वर पापुद्रा धरतो आणि पुढचें पाणी आंत न मुरतां वाहूं लागतें. आच्छादन तो मार स्वतः सोसतें. तण दबतें, माती थंड राहते, आणि अखेरीस आच्छादन कुजून मातींतच मिळतें. हें सर्व खरें असतां आमच्या पूर्वजांनीं आपल्या जोंधळ्याच्या रानांवर काडी कां पसरली नाहीं, हा प्रश्न साहजिक उद्भवतो.

त्यांस ठाऊक नव्हतें असें उत्तर देणें सोपें, पण तें अन्यायाचें होईल. वाफ्यांत बीं टाकल्यावर तें उगवेपर्यंत वर गवत पसरावें, नव्या कलमाच्या बुडाशीं पालापाचोळा घालावा, या गोष्टी आमच्या बागाइतदारास कोणी परदेशांतून येऊन शिकविल्या नाहींत. वाफ्यापुरती काडी त्याच्याजवळ होती, रानापुरती नव्हती. जोंधळ्याचें ताट हें कोरडवाहू शेतकऱ्याचें दुसरें पीक होतें. कणीस माणसाचें, कडबा बैलाचा. मालदांडीसारखी उंच ज्वारी या मुलखांत लोकप्रिय झाली ती भाकरीइतकीच कडब्यासाठीं. नांगर, वखर, तिफण, मोट आणि गाडी, सगळें बैलाच्या खांद्यावर; आणि दुष्काळांत माणसाआधीं मरतो तो बैल. तुरीच्या तुराट्या घराच्या कुडास लागत, कपाशीच्या पऱ्हाट्या चुलींत जात, शेणाच्या गोवऱ्या होत, आणि शेतांत उभीं राहिलेलीं धसकटेंसुद्धां सरपण म्हणून वेंचून नेलीं जात. येथें एक विलक्षण अडचण लक्षांत येते. आच्छादन हें पाण्यापासूनच उगवतें. म्हणून ज्या जमिनीस पांघरुणाची गरज सर्वांत अधिक, तिच्यापाशींच पांघरूण सर्वांत कमी. दरिद्री माणसाची आणि दरिद्री जमिनीची स्थिति या बाबतींत एकच आहे.

मग त्या शेतकऱ्यानें काय केलें? त्यानें मातीचेंच पांघरूण मातीस घातलें.

रब्बीचें रान तो पावसाळाभर पडित ठेवी. परंतु पडित म्हणजे बेवारस नव्हे. पाऊस पडून वाफसा आला कीं वखराची पाळी, पुन्हा पाऊस, पुन्हा पाळी, असा क्रम चाले. वखराची पास वरचा दोन-तीन बोटांचा थर मोकळा करी, तण उपटून टाकी, आणि पुढच्या सरीसाठीं जमिनीचें तोंड उघडें ठेवी. उत्तरा-हस्ताच्या सुमारास पेरणी झाली म्हणजे वखराचें काम कोळप्याकडे येई. त्यापुढें पाऊस बहुधा येत नसे. जी ओल पोटांत आहे तिच्यावरच पीक काढावयाचें. कोळप्यानें दोन ओळींमधली माती हलवून मोकळी केली म्हणजे ती कोरडी होऊन खालच्या ओल्या मातीवर चादरीसारखी पसरे आणि भेगा बुजवून टाकी. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धें पाणी’ ही म्हण अशा अनुभवांतून निघाली. पाण्याची पाळी देण्याची ऐपत ज्यास नव्हती, त्यानें कोळपणीस पाण्याच्या मापानें मोजिलें, हें या म्हणीचें खरें मर्म आहे. आजचीं कृषि विद्यापीठेंही रब्बी ज्वारीस तीन कोळपण्या सांगतात : पीक तीन आठवड्यांचें असतां फटीच्या कोळप्यानें, पांच आठवड्यांचें असतां अखंड पासेच्या कोळप्यानें, आणि आठ आठवड्यांचें असतां दातेरी कोळप्यानें. तिसऱ्या वेळेस जमीन कडक होऊन भेगाळूं लागलेली असते, म्हणून तेथें दांत लागतात. विद्येनें येथें म्हणीस फक्त वेळापत्रक जोडून दिलें आहे.

युरोप-अमेरिकेंतही हा विचार निराळ्या वाटेनें पोंचला होता. इंग्लंडांत जेथ्रो टल यानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ओळींनीं पेरून मधली माती घोड्याच्या कोळप्यानें हलवीत राहावें, असा ग्रंथ लिहिला. वनस्पति मातीचे बारीक कण खातात, अशी त्याची समजूत होती. ती चुकीची ठरली, पण कोळपणी टिकली. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या मैदानांत हार्डी वेब्स्टर कॅम्पबेल या शेतकऱ्यानें प्रत्येक पावसानंतर वरची माती भुकटीसारखी करावी, असा पंथच काढला. दिव्याच्या वातींतून तेल वर चढतें तसें जमिनींतील पाणी बारीक नळ्यांतून वर चढतें. वरचा थर मोडला म्हणजे वात तुटली आणि पाणी खालीं राहिलें, असें त्याचें प्रतिपादन. उपमा इतकी सुबोध कीं ती लवकरच सर्वमान्य झाली. परंतु १९३० नंतरच्या दशकांत अवर्षण आलें, आणि ती बारीक केलेली उघडी माती वाऱ्यानें उचलून शेंकडो कोस नेली. त्या धुळीच्या वादळांनीं हजारों कुटुंबें देशोधडीस लागलीं. दरम्यान कॅलिफोर्नियांतील प्रयोगांनीं असेंही दाखविलें कीं वातीची उपमा बरीचशी फसवी आहे. वरचा थर वाळला कीं तो आपणच झांकण होतो. कोळपणीचा मुख्य लाभ तण मरण्यांत आहे.

मग आमची म्हणही खोटी मानावयाची काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कॅलिफोर्नियाचा निष्कर्ष ज्या जमिनींस लागू, त्या आमच्या काळीसारख्या भेगाळणाऱ्या नव्हेत. जेथें हात हात खोल भेगा पडतात, तेथें वरचा थर आपोआप झांकण होत नाहीं. तो फाटलेला असतो, आणि फाटलेलें शिवणें हेंच कोळप्याचें काम. शिवाय मराठवाड्याच्या शेतकऱ्यानें मातीची भुकटी कधीं केली नाहीं. त्याच्या वखरामागें ढेंकळें उरत, आणि ढेंकूळ वाऱ्यानें उडत नाहीं. परक्या देशाचा सिद्धान्त जसाच्या तसा उचलणें जितकें अनिष्ट, तितकेंच त्या देशांत तो मोडला म्हणून आपली रीत टाकून देणेंही अनिष्ट. डॉ. फोल्कर नांवाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञास सरकारनें १८८९ सालीं हिंदुस्थानची शेती सुधारण्याचे उपाय शोधण्यास पाठविलें होतें. १८९३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालांत येथील शेतकऱ्याच्या मशागतीचा त्यानें गौरवच केला. दोष त्याच्या ज्ञानांत नसून त्याच्या साधनांत आहे, असा त्या अहवालाचा एकंदर सूर आहे.

साधनांचा हा प्रश्न महात्मा फुल्यांनीं त्याही आधीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या ग्रंथांत मांडिला होता. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाच्या पाण्याबरोबर शेतांत येऊन खत होई, तो जंगलखात्यानें अडविला. सरकारनें आपल्या पलटणींतील व पोलिसांतील रिकाम्या हातांकडून ताली व बंधारे घालवावे, म्हणजे पाणी शेतांतून मुरत जाईल, असें त्यांचें सांगणें होतें. पाणी आणि पाला हे दोन्ही शेतांत राहावे, हा विचार एकाच ग्रंथांत एकत्र यावा, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

सरकारी पातळीवर या विद्येचा पद्धतशीर अभ्यास पुण्याजवळ मांजरी येथें १९२३ मध्यें सुरू झाला. पुढें इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च या संस्थेच्या साहाय्यानें सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक अशीं पांच केंद्रें निघालीं. त्यांपैकीं सोलापूरचें १९३३ सालचें. रायचूर त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें आणि औरंगाबादही त्याच राज्यांत. म्हणजे हा प्रश्न ब्रिटिश हद्दीपुरता राहिला नव्हता. सोलापुरास ना. वि. कानिटकर यांनीं चालविलेल्या कामाचा सारांश ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ या १९४४ सालच्या ग्रंथांत आला आहे. शेतास बांध घालावे, तीन वर्षांतून एकदां खोल नांगरट करावी, पेरणीपूर्वीं वखराच्या पाळ्या द्याव्या, शेणखत घालावें, बीं थोडें वापरून ओळींत अठरा इंचांचें अंतर ठेवावें, आणि कोळपण्या चुकवूं नयेत, असा त्या पद्धतीचा मथितार्थ. यांतील निम्म्या गोष्टी शेतकरी करीतच होता. उत्पन्नांत पडलेली भर बेताची होती, आणि खोल नांगरटीस लागणारे चार बैल ज्याच्यापाशीं नाहींत त्याच्या हातीं ही पद्धत पुरती लागली नाहीं. तथापि शेतांतील ओल ही मोजण्याजोगी वस्तु आहे, तिचा जमाखर्च मांडतां येतो, ही दृष्टि त्या प्रयोगशाळांनीं दिली; आणि ती फुकट गेली असें कोण म्हणेल?

स्वातंत्र्यानंतर पाण्याचा विचार पुन्हा दगडाकडे वळला. १९७२ च्या दुष्काळानें मराठवाडा होरपळून निघाला. खडी फोडण्याच्या व माती वाहण्याच्या कामांवर लाखों माणसें राबलीं. त्यांतून बांध, पाझर तलाव आणि रस्ते झाले, आणि पुढें रोजगार हमीचा कायदा झाला. त्याच वर्षीं परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें. विद्यापीठांच्या शिफारशींत आच्छादनास स्थान मिळालें : हेक्टरीं पांच टन काडीकचरा पिकांच्या ओळींत पसरावा. शिफारस शास्त्रशुद्ध आहे. पण एका हेक्टरांतील कोरडवाहू शाळूचा सगळा कडबा पसरला तरी तो पांच टन भरेलच असें नाहीं, आणि सगळा पसरला तर बैलानें खावें काय? शेतकऱ्याच्या बांधावरचा जुना प्रश्न शिफारशीच्या कागदावरही तसाच उभा राहिला.

आज मात्र परिस्थिति पालटली आहे, आणि याच ठिकाणीं हा इतिहास आपल्या दारांत येऊन थांबतो. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आला. जोंधळ्याच्या रानांत कपाशी आणि सोयाबीन आली. तिच्या पऱ्हाट्यांची व भुसकटाची गुरांस पूर्वींच्या कडब्यासारखी गरज नाहीं. चुलीची जागा गॅसनें घेतली. म्हणजे जी काडी पूर्वीं बैलानें आणि चुलीनें नेली, ती आतां मोकळी झाली आहे. ती जमिनीवर पसरतां आली असती. परंतु पुष्कळ ठिकाणीं ती बांधावर गोळा करून पेटवून दिली जाते. इकडे कोळपण्यासाठीं बैल नाहीं, म्हणून तणनाशक फवारलें जातें. तणनाशक तण मारतें, हें खरें. पण तें भेग बुजवीत नाहीं. कोळपें दोन कामें करी, त्यांतलें एक औषधानें उचललें आणि दुसरें कोणींच उचललें नाहीं. ज्या शेतावर कोळपें फिरत नाहीं आणि काडीही पसरली जात नाहीं, त्या शेतानें मातीचें पांघरूण गमावलें आहे व काडीचें मिळविलेलें नाहीं. तें उघडें पडलें आहे.

फळबागांनीं हा धडा लवकर घेतला. या जिल्ह्यांत आणि शेजारच्या जालन्यांत मोसंबीच्या बागा पुष्कळ. २०१२-१३ च्या अवर्षणांत त्यांतील कित्येक वाळल्या. कित्येक मालकांनीं उसाचें पाचट, भुसकट, गवत आळ्यांत घालून झाडें जगविण्याची धडपड केली. भाजीपाल्याच्या व टरबुजाच्या गादीवाफ्यांवर आतां ठिबकाच्या नळीबरोबर प्लास्टिकचा कागद अंथरला जातो. त्यानें ओल राहते व तण दबतें. मात्र पीक निघाल्यावर त्याच्या चिंध्या मातींत उरतात, आणि कुजून मातीस कांहीं देण्याचा गुण त्यांत नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील सुभाष पाळेकर यांनीं आपल्या नैसर्गिक शेतीच्या चार आधारांत आच्छादनास एक जागा दिली, आणि त्याचे तीन प्रकार केले : मातीचें, काडीचें आणि जिवंत वनस्पतींचें. त्यांचीं सर्वच मतें मान्य करावींत असें नाहीं. पण पहिल्या प्रकारांत वखर-कोळप्याची जुनी रीत पुन्हा नांवानें ओळखली गेली, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें.

येथें आच्छादनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तें पाणी निर्माण करीत नाहीं. पाऊसच पडला नाहीं तर काडीखालीं राखावयास कांहीं नसतें, आणि अवर्षण फार लांबलें तर झांकलेली जमीनही शेवटीं वाळते. तें फक्त मुदत वाढवितें. परंतु कोरडवाहू शेतींत मुदत म्हणजेच पीक. कणीस भरण्याच्या वेळीं ओल आठ-दहा दिवस अधिक टिकली, तर दाणा आणि पोंचट यांत अंतर पडतें, आणि त्या अंतरावर एका घराचें वर्ष अवलंबून असतें.

एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी नेलें, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणांत असेल. पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारें ५ लक्ष लिटर पाणी होतें. साऱ्या देशानें ती गाडी पाहिली, आणि तें योग्यच झालें. आतां आरंभींचा हिशेब पुन्हा पाहूं. एका हेक्टरांतून पन्नास मिलिमीटर ओल उडून गेली म्हणजे ५ लक्ष लिटर पाणी गेलें. म्हणजे तसली एक गाडी एका हेक्टरांतून निघून गेली, आणि ती कोणीं पाहिली नाहीं. मराठवाड्यांत अशीं हेक्टरें किती असतील!

धरणास समाज पैसा देतो. कालव्यास, नळास आणि प्रसंगीं आगगाडीसही देतो, कारण तें पाणी दिसतें. शेतांत पसरलेल्या काडीस तो कांहीं देत नाहीं. एकच गाय असलेल्या शेतकऱ्यास दुष्काळांत कडब्याचा भाव चढला कीं ती काडी विकावीच लागते. आणि त्यास नांवें ठेवण्याचा अधिकार आपणां शहरवासीयांस नाहीं. त्याच्या पूर्वजांपाशीं काडी नव्हती, म्हणून त्यांनीं मातीनें भागविलें. आज काडी आहे, ती पसरण्याची मजुरी नाहीं, बारीक करण्याचें यंत्र प्रत्येकाच्या हातीं नाहीं, आणि जाळणें स्वस्त आहे. जाळण्यापेक्षां पसरणें त्यास परवडेल अशी व्यवस्था करणें हें काम एकट्या शेतकऱ्याचें नव्हे. शेतांत राखलेलें पाणी हेंही पाणीच आहे, असें ज्या दिवशीं आपल्या जमाखर्चांत मांडलें जाईल, त्या दिवशीं मलिक अंबराच्या नहरीशेजारीं वखराच्या पासेसही इतिहासांत जागा मिळेल. तोंवर निदान पऱ्हाटी पेटविण्यापूर्वीं, आपण कोणाचें पांघरूण जाळीत आहों, एवढा विचार व्हावा.